मुक्काम पोस्ट लुक्का

आमच्या पेठेतले एक काका नुकतेच युरोप करून आले. ‘करून आले’ हे त्यांचेच शब्द. माणूस अष्टविनायक करतो, चारधाम करतो, तसा काकांनी युरोप केला. ११ दिवसांत ७ देश. सकाळी मिसळीच्या टेबलावर गाठ पडली. मी म्हटलं, “काका, फ्लॉरेन्स बघितलं?”

“बघितलं की! टेकडीवर बस नेली. खाली सगळं गाव दिसतंय, नदी दिसती. एक नागडा पुतळा हाय तिथं, हिरवा. त्याच्याम्होरं फोटो काढला. आणि लघवीला एक युरो घेत्यात रे लेका, एक युरो! मग पिझ्झा खाल्ला आणि निघालो.”

तो हिरवा पुतळा म्हणजे मायकेलँजेलोच्या डेव्हिडची ब्राँझमधली नक्कल. संगमरवरी अस्सल खाली गावात, संग्रहालयात उभा आहे. पण तिथं रांग असते आणि काकांच्या बसला रांगेत उभं राहायला वेळ नव्हता.

“आणि मुक्काम?”

“गावाबाहेर, हायवेला. रूम झकास. शेजारी पेट्रोल पंप.”

हिशेब घातला तेव्हा निघालं ते असं. आठ हॉटेलं, म्हणजे बॅग आठदा उघडली आणि आठदा गुडघा टेकवून बंद केली. रोजचा मंत्र सहा-सात-आठ : सहाला उठवणारा फोन, सातला नाश्ता, आठला बस. शाळेतल्या एनसीसी कॅम्पची आठवण आली म्हणतात काका, फक्त तिथं पैसे भरावे लागले नव्हते. परत आल्यावर विश्रांती म्हणून चार दिवस बहिणीकडे गारगोटीला जाऊन राहिले.

आता गंमत बघा. हेच काका पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांवर कायम उखडलेले असतात. पाहुणे सकाळी अंबाबाई, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी चपला आणि दिवेलागणीला परत हायवेवर. काका त्यांना सुनावतात, “अहो, असं कोल्हापूर बघत्यात व्हय? चार दिवस ऱ्हावा की. एक दिवस जोतिबा आणि पन्हाळा, एक दिवस नरसोबाची वाडी करून खिद्रापूर, एक दिवस गगनबावडा, एक दिवस राधानगरी. रोज एक दिशा धरायची आणि रात्री जेवायला परत गावात.” परदेशी प्रवासाची जाडजूड पुस्तकं मुक्कामाचं गाव कसं निवडावं यावर पानंच्या पानं खर्च करतात. काकांनी ते मिसळीचा कट संपायच्या आत सांगितलं. फक्त पासपोर्ट हातात पडला की स्वतःचंच शहाणपण विसरले. रोमला पॅन्थिऑनच्या घुमटाचं गोल भोक मान मोडेपर्यंत बघून आले. खिद्रापूरच्या स्वर्गमंडपाला असंच गोल उघडं छत आहे आणि ते तासा-दीड तासावर आहे, म्हणून अजून राहिलंय.

हा मुक्कामाचा विचार काही विलायतेतून यायला नको होता. संन्याशानं चातुर्मासात गाव सोडायचं नाही, हा आपल्याकडचा जुना नियम. वाडीला तर नृसिंह सरस्वती बारा वर्षं राहिले, असं गुरुभक्त सांगतात. आपण दर्शन, प्रसाद, बासुंदी आणि पार्किंग धरून पाऊण तासात बाहेर. आणि माहेरवाशीण? मे महिन्यात आईकडे बॅग टाकते, मग एक दिवस मावशी, एक दिवस मैत्रीण, एक दिवस सिनेमा आणि रोज रात्री आईच्या हातचं. तिला ११ दिवसांत ७ मावश्या कराव्या लागल्या असत्या तर माहेरपण बंद पडलं असतं.

तर, काकांनी टेकडीवरून बघितलेली ती नदी. ती आर्नो. गावातून पश्चिमेला वाहत जाते आणि काशिने नावाच्या लांबलचक बागेच्या टोकाला तिला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते. त्या संगमावर एक छत्री आहे. खरीखुरी, आपल्या घाटावर शोभेल अशी, खांबांची आणि घुमटाची. आत फेटा बांधलेल्या एका तरुणाचा रंगवलेला अर्धपुतळा. तो तरुण म्हणजे करवीरचे छत्रपती, दुसरे राजाराम महाराज.

महाराज १८७० साली विलायतेला गेले. लंडनमध्ये काही महिने राहिले, रोजनिशी लिहीत राहिले. ती पुढे १८७२ साली कॅप्टन वेस्ट यांनी छापून काढली. परतीच्या वाटेवर इटलीत आले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सला वारले. विशी नुकतीच ओलांडली होती. त्या काळच्या फ्लॉरेन्समध्ये दहनाचा रिवाज नव्हता. तरी परवानगी मिळाली आणि दोन नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीनं अग्नी दिला गेला. छत्री १८७४ सालची. ती आखली मेजर मँट यांनी, ज्यांनी पुढे आपला नवा राजवाडा आखला. गेल्या शतकात जवळच एक मोठा तारांचा पूल झाला, त्याला गावानं नाव दिलं ‘पोन्ते आल्ल इंदियानो’, म्हणजे ‘भारतीया’चा पूल. फ्लॉरेन्सचा ट्रकवालाही आपल्या महाराजांच्या नावानं रस्ता सांगतो. कोल्हापूरचा माणूस मात्र त्याच गावात पिझ्झा खाऊन, एका युरोचा हिशेब घालत निघून येतो. पुढे पिसाला जाऊन कलता मनोरा तळहातानं ढकलल्याचा फोटो काढतो. पिसातूनही हीच आर्नो वाहते.

ही छत्री पॅकेजमध्ये बसत नाही. बागेच्या पार टोकाला आहे, जवळ चुंबकं आणि चावीच्या साखळ्या विकणारी दुकानं नाहीत. तिथं जायला रिकामी सकाळ लागते. शक्यतो मंगळवारची, कारण त्या दिवशी काशिनेत आठवड्याचा बाजार भरतो. भाजी, कपडे, भांडी, आरडाओरडा सगळं. आमच्या मंडळींचा तिथं जीव रमेल. आणि रिकामी सकाळ मिळते ती बॅग कपाटात आणि किल्ली खिशात असलेल्या माणसालाच.

मग मुक्काम कुठं करावा? फ्लॉरेन्समध्ये करता येईल, पण नवरात्रात महाद्वार रोडला खोली घेण्याची ज्याला हौस आहे त्यानंच. माझं मत लुक्काला आहे. गावाभोवती चार किलोमीटरची तटबंदी, तीही अखंड. तटावर झाडं लावून फिरायचा रस्ता केलाय आणि संध्याकाळी अख्खं गाव तिथं, रंकाळ्यावर आपण येतो तसं, विनाकारण येतं. आपणही एके काळी तटबंदीचं गाव होतो. आपण तट पाडून रस्ते केले, त्यांनी तटावरच रस्ता केला. पिसा रेल्वेनं अर्ध्या तासावर, समुद्र त्याहून जवळ, फ्लॉरेन्स सव्वा-दीड तासावर. सगळं साध्या पॅसेंजर गाडीनं. फक्त कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात दाबून घ्यायचं, नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड. व्हेनिससाठी पादुआ, अर्ध्या तासावर. पावसाळी दिवस असतील तर बोलोन्या, तिथं शहरभर मिळून ६२ किलोमीटरच्या कमानदार पडव्या आहेत, छत्री उघडावी लागत नाही. शिवाय इटालियन लोक या गावाला लाडानं ‘जाडी’ म्हणतात, इतकं तिथलं खाणं भारी. कोल्हापूरकराला आणखी काय सांगायचं?

गाव निवडायची माझी कसोटी एकच. स्टेशनापासून खोलीपर्यंत बॅग ओढत जाताना बायको किती वेळा थांबून माझ्याकडे बघते. दोनदा चालतं. तिसऱ्यांदा बघितलं की गाव चुकलं.

गेल्या खेपेला आम्ही दोघं पादुआत आठवडाभर राहिलो. सगळं गोडच होतं असं नाही. दुपारी दुकानं बंद. पुणेकरांना घरच्यासारखं वाटेल. एक दिवस रेल्वेचा संप. तिसऱ्या दिवशी हिनं वरणाला फोडणी दिली, मोहरी तडतडली आणि छताला लावलेला धुराचा भोंगा असा कोकलला की समोरच्या गच्चीतल्या आजीबाई धावत आल्या. त्यांना वरण-भात वाढला. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेंगांची भाजी आणून दिली. मीठ कमी होतं, पण ताट रिकामं परत देऊ नये म्हणून हिनं त्यात चिवडा घातला. हे असलं शेजारपण पेट्रोल पंपाशेजारी होत नाही.

काकांना हे पटत नाही. त्यांचं गणित पक्कं : पैसे भागिले देश. सात देशांचे सात स्टेटस, सात चुंबकं, सोसायटीत सात आठवडे पुरणारा विषय. एका गावात दहा दिवस म्हणजे भागाकार एकनं, पैसे वसूल कसे व्हायचे? बुफेला ताटात जिलबीवर पापड आणि पापडावर मसालेभात रचणाऱ्याला हा हिशेब लगेच कळतो.

गंमत म्हणजे व्हिसाचा नियमही मुक्काम मोजतो. शेंगेनचा अर्ज जिथं जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा. रात्री सारख्याच झाल्या तर जिथं आधी पाऊल ठेवणार तिथं. म्हणजे काकांना सात देशांतला आपला देश कोणता ते ठरवायलाच टूरवाल्याची मदत लागली. माणशी ९० युरो फी, एवढे भरून माणूस म्हणतो, मी कुठंच राहणार नाही.

आमचे कागद तयार आहेत. लुक्का, दहा रात्री. काकांनी ऐकलं आणि पाव कटात बुडवता बुडवता थांबले.

“दहा दिवस एकाच गावात? हॉटेलात?”

“दोन खोल्या घेतल्यात. स्वयंपाकघर आहे.”

“अरे, पण कुणाकडं जाणार? हाय कोण तिथं आपलं?”

“फ्लॉरेन्सला राजाराम महाराज आहेत. नदीकाठी. मंगळवारी भेटून येणार.”

काकांनी तो पाव तसाच हातात धरला. मग म्हणाले, “आमच्या बसमधी कोन बोललं न्हाई.”