कुलूपबंद खटपट

अटल नवोन्मेष अभियानाखाली 2016 पासून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी ज्या ‘टिंकरिंग लॅब’, म्हणजे खटपट करून शिकण्याच्या प्रयोगशाळा, उभ्या राहिल्या, त्यांसाठी प्रत्येक शाळेस 20 लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद असून, विद्यार्थ्यांचे बोट धरण्यासाठी ‘मेंटॉर’, म्हणजे स्वयंसेवी मार्गदर्शक, देण्याचीही सोय आहे. या मार्गदर्शकाचा खरा प्रतिस्पर्धी अज्ञान नसून साठा नोंदवही, अर्थात शाळेत आलेल्या प्रत्येक वस्तूचा हिशेब ठेवणारे दप्तर, हा असतो. उदाहरणार्थ, लाल एलईडी हा इवलासा दिवा सुमारे 2 व्होल्टवर उजळतो, आणि प्रवाहास आवर घालणारा, समजा 220 ओहमचा, रोध मध्ये न घालता तो आर्डुइनो या नियंत्रक-पाटीच्या 5 व्होल्टच्या टोकाला थेट जोडल्यास क्षणात जळतो. ओहमचा नियम कळण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही, परंतु लेखापरीक्षणाच्या भाषेत त्यास शिक्षण न म्हणता नुकसान म्हणतात. म्हणून सुज्ञ शाळा संच कपाटात ठेवते, किल्ली मुख्याध्यापकांकडे देते, आणि पाहुणे आले की काळ्या रेषेमागे धावणारा तोच तो यंत्रमानव बाहेर काढते, ज्याची जुळणी बहुधा मार्गदर्शकानेच रात्र जागून केलेली असते. एक एलईडी दोन-तीन रुपयांना मिळतो.