स्टँड

डिसेंबरात पुण्यात थंडी पडते म्हणजे काय होतं, तर पारा चौदावर येतो आणि लोक कानटोप्या घालून एकमेकांना ‘काय गारठा!’ म्हणतात. अशाच एका रविवारी सोसायटीच्या ग्रुपवर ‘सहज, गप्पा मारत’ खडकवासल्यापर्यंत सायकलने जायचं ठरलं.

‘सहज’ या शब्दाला मी फसलो. जुनी पँट, स्वेटर, कॅरिअरला पिशवी, एवढी माझी तयारी. खाली येऊन बघतो तर सातजण चंद्रावर निघालेले. हेल्मेटं, पिवळे गॉगल आणि आत गादी शिवलेल्या तंग चड्ड्या. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी मला ओळखूच आल्या नाहीत. त्यांनीच ‘अहो, मी!’ म्हणून खुलासा केला.

त्यांच्या सायकली एका हाताने उचलाव्यात अशा. माझी वडिलांची, काळी, लोखंडी. हिच्या नळीवर बसून मी शाळेत गेलो आणि हिच्यावरच कात्री मारत शिकलो.

‘काका, हिला गिअर किती?’

‘एकच. तोही माझ्या गुडघ्यात.’

गप्पा वडगावच्या पुलापर्यंत टिकल्या. मग कर्नलनी (हे बँकेत होते, कर्नल फक्त मिशांमुळे) हँडलवरच्या मोबाइलकडे बघून ‘ॲव्हरेज एकवीस!’ अशी आरोळी ठोकली आणि सगळे दिसेनासे झाले. सहज जाणाऱ्या माणसांना एवढी घाई का असते, ते मला अजून कळलेलं नाही.

नांदेड फाट्याशी माझी चेन पडली. मला काही वाईट वाटलं नाही. काडीने चेन खालच्या दात्यांवर धरायची, पायडल हळूच उलटं फिरवायचं, की टक् करून जागेवर. काळे हात रस्त्याकडेच्या गवताला पुसले. किरकटवाडी फाट्याला चहा घेतला. ऊन पाठीवर यायला लागलं होतं. एक पेरूवालाही भेटला. पिशवी कामी आली.

धरणाशी पोचलो, तर सातही जण भज्यांच्या गाडीसमोर आपापली सायकल धरून उभे. आठवडी बाजारात शेळी विकायला आणावी तसे. कुणाच्याच सायकलला स्टँड नव्हतं. वजन वाढतं म्हणे! ऐंशी हजारांची सायकल खडीवर आडवी करायची छाती होत नव्हती, आणि एका हाताने गरम भजी खायची तर चटणी कुठे धरणार?

मी उतरलो आणि टाचेने स्टँड मारलं. खट्.

चौदा डोळे त्या स्टँडवर खिळले. ‘जरा टेकवतो हं,’ म्हणत पहिले कर्नल आले. मागोमाग वहिनी. पाच मिनिटांत पाच-सहा लाखांचा ऐवज आमच्या वडिलांच्या सायकलवर विसावला. मग रिकाम्या हातांनी भजी झाली, वर कणसं झाली. कर्नलनी माहितीही दिली, की हे दगडी धरण १८७९चं आणि इंग्रज याच्या तलावाला कर्नल फाइफ या इंजिनिअरचं नाव देऊन ‘लेक फाइफ’ म्हणत. ‘ते खरोखरचे कर्नल होते,’ एवढीच भर मी घातली.

दहा वाजता मी उठलो. घरी पाहुणे यायचे होते. हँडलला हात लावतो न लावतो तोच सातजण एका सुरात ओरडले, ‘काका, हलू नका!’

हललो नाही. त्यांचा दुसरा चहा संपेपर्यंत सीट धरून उभा राहिलो. पाहुणे माझ्या आधी घरी पोचले, त्याबद्दल जे ऐकायचं ते ऐकलं.

संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला : ‘पुढच्या रविवारी सिंहगड पायथा. सहज. काका हवेतच.’

चेनकडे बघायला अजून वेळ झालेला नाही. स्टँडला मात्र कालच तेल दिलंय.