सहाशेवाले

नोव्हेंबर लागला की पुणे-सोलापूर रस्त्यावर पहाटे चारच्या सुमाराला एक जमात दिसू लागते. मोटारीच्या मागच्या सीटवर माणूस नसतो. तिथे बॅग असते आणि तिला सीटबेल्ट लावलेला असतो. वहिनी सोबत आल्याच असतील तर त्या पुढे बसतात, मांडीवर दुसरी बॅग घेऊन. हे सहाशेवाले. दीडशे ते सहाशे मिलिमीटरची लेन्स विकत घेतली त्या दिवशी त्यांचं आडनाव, हुद्दा आणि सोसायटीचं सेक्रेटरीपद मागे पडलं. भिगवणजवळच्या कुंभारगावात नावाडी एकमेकांना फोनवर सांगतात, "उद्या दोन सहाशेवालं हायेत, रुंद होडी काढ."

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं. त्याच्या फुगवट्याखाली गावं गेली, आणि काठाच्या उथळ चिखलावर रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, उतरू लागले. 'उजनी मायनसमध्ये' ही बातमी वाचून सोलापूरकर कपाळाला हात लावतो. सहाशेवाले तीच बातमी वाचून बॅटऱ्या चार्जिंगला लावतात. पाणी उतरलं की चिखल उघडा पडणार, आणि चिखल उघडा पडला की रोहितांची पंगत बसणार. एवढं सोडलं तर माणूस मनाने वाईट नाही.

घरी त्यांच्या लेन्सला स्वतंत्र कपाट आहे. विजेवर चालतं, आतली हवा कोरडी ठेवतं आणि दारावर आर्द्रतेचा आकडा दाखवतं. पावसाळ्यात लेन्सच्या काचेवर बुरशी धरते हे खरंच आहे. ती एकदा आत शिरली की काच उघडून साफ करण्याचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो. म्हणून सहाशेवाले ऑफिसला जाताना देवाला नमस्कार करतात आणि मग कपाटाचा आकडा बघतात. तो पंचेचाळीस असला की दिवस चांगला. एका श्रावणात वहिनींनी त्यात चकल्यांचा डबा ठेवला होता. घरातलं सगळं सादळत असताना काचेच्या तुकड्याने तेवढं कुरकुरीत राहावं, हे त्यांना पटेना. त्या वर्षी चकल्या गोकुळाष्टमीपर्यंत टिकल्या आणि घरातला अबोला गणपतीपर्यंत.

बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या असतात. ओल शोषून त्यातले निळे मणी गुलाबी झाले की गरम करायचे, पुन्हा निळे होतात. सहाशेवाल्यांनी हा प्रयोग पोह्यांच्या कढईत केला. त्या निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो आणि तो पोटात जाणं बरं नाही, ही माहिती त्यांनी वहिनींना पोहे खाऊन झाल्यावर दिली.

पण खरे सहाशेवाले बघायचे ते होडीत. ते परदेशी व्हिडिओ बघून आलेले असतात. त्यात कुणी दाढीवाला कनूत एकटा बसून धुक्यातून वल्हवत जातो, गुडघ्यांच्या मध्ये एक जलरोधक पेटी, वल्हं आडवं ठेवून पेटी उघडतो, फोटो काढतो, पेटी मिटतो. आपल्या होडीत मात्र सहा माणसं, बांबू मारणारा नावाडी, एक रडणारं पोर आणि कुणाची तरी चिवड्याची पिशवी. तरी सहाशेवाले ती पेटी आणतातच. कडेला रबरी पट्टी, दोन खटके, वर हवा सोडायची झडप. पाण्यात पडली तर तरंगते म्हणे. होडीत ठेवायला जागा नसल्याने ते तिच्यावरच बसतात, त्यामुळे इतरांपेक्षा वीतभर उंच दिसतात आणि होडी त्यांच्या बाजूला कलते. लाइफ जाकीट ते घेतात, पण घडी करून कॅमेऱ्याखाली ठेवतात. नावाडी सांगतो, "सर, जाकिट अंगात घाला. क्यामेऱ्याला पवता येत न्हाई हे मला बी कळतंय, पर तुमाला तरी कुठं येतंय?"

कार्बन फायबरचा ट्रायपॉड उघडायचा प्रयत्न होतोच. तीन पाय, तीन प्रवाशांच्या पोटऱ्या. होडीच हलत असेल तर तिच्यावर टेकलेला ट्रायपॉड स्थिर कसा राहणार? उलट फळीची थरथर तो इमानाने लेन्सपर्यंत पोचवतो. मग मुकाट्याने दोन किलोची ती लेन्स हातात धरून, शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवून फोटो काढावा लागतो. शहाणे लोक होडीत खाली बसतात, कोपर गुडघ्यावर टेकतात. होडी डुलत नाही आणि लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला येते. सहाशेवाल्यांना हे ठाऊक असतं, इतरांना ते समजावूनही देतात, पण पक्षी दिसला रे दिसला की उभे राहतात. मागून आवाज येतो, "सर, हलू नगा. पक्षी हितंच हाय. तुमीच हलताय."

त्यांचं खरं दुखणं वेगळंच आहे. कॅमेरा सुरक्षित असतो तेव्हा तो बॅगेत असतो, आणि फोटो असतो बॅगेबाहेर. यांची पिवळी ड्राय बॅग उत्तम आहे. तोंड तीन वेळा गुंडाळायचं, मग खटका लावायचा, थेंब आत जाणार नाही. यांनी शिंतोडा उडाला म्हणून तोंड गुंडाळलं, एक, दोन, तीन, खट्. आणि त्याच क्षणी समोरच्या वाळक्या फांदीवरून ऑस्प्रे सुटला, पाय पुढे करून पाण्यावर आदळला, हातभर मासा घेऊन उठला, मासा डोकं पुढे येईल असा पंजात फिरवून सरळ केला आणि होडीवरून निघून गेला. सहाशेवाले तेव्हा खटका उघडत होते. पोराने तो सगळा प्रकार आईच्या मोबाइलवर टिपला.

रोहितही साथ देत नाहीत. त्यांचं जेवण चिखलपाण्यात चोच उलटी करून गाळून घेण्याचं, त्यामुळे डोकं पाण्याखाली आणि वर नुसते पाय नि पाठी. "जरा जवळ घ्या ना, उडतील तरी," असं सहाशेवाले कुजबुजतात. यावर नावाडी बांबू चिखलात रोवतो आणि होडी थांबवतो. पाण्यावर धावत धावत वेग घेतल्याशिवाय या पक्ष्याला उडता येत नाही, आणि दर होडीने त्याला असं पळवलं तर तो जेवणार कधी? मासेमारी करून मोठा झालेला हा माणूस पक्ष्यांपासूनचं अंतर डोळ्यांनी मोजतो, त्याला रेंजफाइंडर लागत नाही. त्याचा स्वतःचा मोबाइल दुधाच्या पिशवीत, वर रबरबँड, सदऱ्याच्या खिशात. इतकी वर्षं पाण्यात काढली, तो कधी भिजलेला नाही.

आणि एवढ्या बंदोबस्तातून पाण्यात जाते ती लेन्सची टोपी. हमखास. दुष्काळात धरण आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. एखाद्या वर्षी त्याच्या आसपास टोप्यांचाही थर निघेल.

क्वचित कॅमेराही जातो. तो वर आल्यावर काय करायचं, हे सहाशेवाल्यांना तोंडपाठ आहे: बॅटरी काढा, कार्ड काढा, चालू करू नका, पुसून कोरडा करा आणि दुरुस्तीला द्या. तरी हातात आल्याबरोबर ते पहिलं बटण कुठलं दाबतात? चालू करायचं. "चालतोय का बघतो." ओल्या सर्किटमध्ये वीज सोडायचा याहून खात्रीचा मार्ग नाही. मग तो तांदळाच्या डब्यात जातो आणि कोलम की इंद्रायणी यावर काठावर चर्चा होते. तांदळाने फक्त सांध्यांत भुकटी जाते. शिवाय 'वेदर सील्ड'चा अर्थ पावसाच्या सरीला तोंड देणारा असा आहे, धरणात बुडी मारणारा असा नव्हे. हे त्या माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं आणि पुस्तिका घरी, कोरड्या कपाटात असते.

तर मंडळी, त्यांच्याबरोबर एका होडीत बसायची वेळ आलीच, तर पुढची जागा त्यांना देऊन टाका आणि आपण नावाड्याजवळ बसा. पट्टकादंब कुठला, चित्रबलाक कुठला, हे तोच सांगेल. जाकीट अंगात घाला. आणि पावसाळ्यात जाऊ नका. तेव्हा धरण भरलेलं, चिखल पाण्याखाली आणि रोहित बहुतेक गावाला गेलेले असतात. तळलेली चिलापी मात्र तेव्हाही मिळते.