दांडा आणि जावई

आजऱ्याच्या माणसाला वाऱ्यापावसाचं कुणी शिकवायला नको. मांडवाची मेढ रोवताना तो पहारीनं हातभर खड्डा घेतो, दगड ठोकून बसवतो, वर मेढ हलवून बघतो. हाच गृहस्थ आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याच्या वाळूत पोचला की अक्कल गाडीच्या डिकीत ठेवून येतो. रंगीत छत्रीचा दांडा चार बोटं खुपसायचा, हात झटकायचे आणि भेळ आणायला निघायचं. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो. छत्री आधी डुलते, मग उपटते आणि काड्यांवर गरगरत थेट शेजारच्या कुटुंबाच्या डब्यात.

अमेरिकेत २०२४ साली यासाठी मानक निघालं: छत्री ताशी ४८ किलोमीटरच्या वाऱ्यात टिकावी आणि तिच्या रोवणीनं निदान ३४ किलोंचा ताण सोसावा. आपण त्यांच्याही पुढे. आपल्याकडे ७० किलोंचा जावई दांडा धरून बसतो.

खरं तर काम एवढंसंच. दांडा मागेपुढे हलवत दोन फूट खाली न्यायचा, छत्री वाऱ्याच्या तोंडी कलती ठेवायची, बुडाशी ओली वाळू घट्ट चोपायची. पण त्यासाठी गुडघे टेकावे लागतात, आणि सुट्टीवर आलेला माणूस गुडघे टेकतो ते फक्त फोटोसाठी.

भातलावणीत पाठीवर इरलं घेऊन वाकलेल्या बाईला हा प्रश्नच पडत नाही. तिच्या इरल्याला दांडा नाही, आणि तिला सुट्टीही नाही.