टर्बो येईपर्यंत

काशीत ब्रह्मचाऱ्यांची वाण कधीच नव्हती. सध्या त्यांत माझ्या जुन्या एस्टीमच्या इंजिनाची भर पडली आहे. सोडमुंजीत बटू छत्री-काठी घेऊन काशीला निघतो आणि मामा ‘मुलगी देतो’ म्हणून त्याला मांडवाच्या दारातून परत फिरवतो. आमचं इंजिन मुळातच काशीत, त्यामुळे त्याला रुसून जायला दुसरं ठिकाण नाही. आणि ज्यानं टर्बो द्यायचा शब्द दिला तो दिल्लीचा व्यापारी फोन उचलत नाही.

इंजिन मात्र टर्बोच्याच हिशेबानं बांधून तयार आहे. उस्तादांनी ते पार क्रँकपर्यंत खोललं, ब्लॉक बोअर करून होनिंग मारलं, फोर्ज्ड पिस्टन घातले, हेडखाली पोलादी थरांचं पॅकिंग दिलं. टर्बोतून आलेलं तेल परत खाली पडावं म्हणून ऑइल चेंबरला एक जादा भोक पाडलं. त्या भोकात सध्या बोल्ट आहे. पाहुणा यायच्या आधी पाट मांडून ठेवावा तसा उस्ताद तो बोल्ट येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवतात.

आता इतका खर्च केल्यावर गाडी पळायला हवी, असं कुणालाही वाटेल. नेमकं उलटं होतं. सायलेन्सरवाटे फुकट जाणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरवायचं आणि त्या चक्रानं इंजिनात जादा हवा कोंबायची, ही टर्बोची युक्ती. अल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरनं 1905 साली तिचं पेटंट घेतलं. पण हवा आधीच दाबून आत आली आणि पिस्टननं तिला आणखी दाबलं, तर पेट्रोल आपली पाळी यायच्या आतच भडकतं आणि पिस्टनचं डोकं फुटतं. म्हणून टर्बोच्या इंजिनाला खोलगट डोक्याचे पिस्टन घालून कॉम्प्रेशन मुद्दाम उतरवतात. आमचं साडेआठावर आणलं. एक अंक खाली आला की तीन-चार टक्के ताकद जाते, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे उद्या पैलवान व्हायचंय म्हणून आजपासून जेवण कमी. नवी होती तेव्हा या गाडीत 85 घोडे होते; आज किती उरलेत ते विचारायची सोय नाही, पण लहुराबीरच्या चौकात ई-रिक्षा पुढे काढते.

शिवाय ती वाजते. फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर जास्त फुगतात, म्हणून त्यांना सिलिंडरात थोडी ऐसपैस जागा ठेवावी लागते. थंड असताना ते त्या जागेत डावीउजवीकडे आपटतात. जानेवारीतल्या बनारसी धुक्यात सकाळी चावी फिरवली की असा टकटकाट होतो, की कोपऱ्यावरचा कचौडीवाला झारा हातात धरून विचारतो, “गुरु, इंजन बैठ गया का?” त्याला पिस्टनची फट समजावेपर्यंत इंजिन तापतं आणि आवाज बंद होतो. मग तो विजयी मुद्रेनं म्हणतो, “देखा, हमने बोला तो ठीक हो गया!”

घरी याहून बिकट. आमचं घराणं पेशवाईत काशीला आलं आणि ब्रह्माघाटाच्या गल्लीत राहिलं. त्या गल्लीत समोरून नंदी आला की माणसानं कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं, हा वाहतुकीचा एकमेव नियम. गाडी मैदागिनजवळ भाड्याच्या जागेत उभी असते आणि तिथवर मी चालत जातो. “चालत जाऊन जी गाडी गाठायची, तिला आणखी वेग कशाला?” हा बायकोचा प्रश्न मी दरवेळी ऐकू न आल्यासारखा करतो.

आमच्या ओळखीत टर्बोचा खरा जाणकार एकच, डी.एल.डब्ल्यू. या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक फोरमन. 2020 मध्ये त्या कारखान्याचं नाव बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झालं, पण तो बदल बनारसनं अजून मनावर घेतलेला नाही. तिथून 1964 साली पहिलं डिझेल इंजिन बाहेर पडलं: सोळा सिलिंडर, 2600 अश्वशक्ती, डोक्यावर माणसाच्या छातीएवढा टर्बो. पुढे त्याच जातीच्या सोळा सिलिंडरांतून 3100 काढले. गाडी सुटताना ही इंजिनं काळ्या धुराचा लोट सोडत, तो आपण सगळ्यांनी खिडकीत बसून डोळ्यांत घेतलेला आहे. ड्रायव्हरनं नॉच वाढवला की डिझेल ताबडतोब येतं, पण टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो. हवा पोहोचेपर्यंत अर्धवट जळलेलं डिझेल धूर होऊन निघतं. फोरमनसाहेबांनी माझं बॉनेट उघडलं, टर्बोची रिकामी जागा पाहिली आणि शोकसभेत बोलावं तशा आवाजात म्हणाले, “जगह तो अच्छी है।”

त्यांना मी अमेरिकेतला दाखला दिला. 1962 मध्ये ओल्ड्समोबिलनं जेटफायर नावाची टर्बो मोटार काढली. तिचं कॉम्प्रेशन त्यांनी उतरवलं नाही, सव्वादहा ठेवलं. आणि भडका होऊ नये म्हणून मेथनॉल-पाण्याची वेगळी टाकी दिली. लोक ती टाकी भरायला विसरू लागले. शेवटी कंपनीनं कित्येक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. “म्हणजे तिथं टर्बो होता, तयारी नव्हती,” मी म्हणालो. “और यहाँ?” एवढंच विचारून फोरमनसाहेबांनी पान तोंडात सारलं. पान तोंडात असलेल्या बनारसी माणसाशी वाद घालता येत नाही. तो उत्तरच देत नाही.

कायद्याची बाजू बायकोनं शोधून काढली. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाखाली गाडीत परस्पर फेरफार करता येत नाहीत, आणि कंपनीच्या मूळ रचनेपासून फारकत चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंही 2019 मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे टर्बो बसल्यावर गाडी ट्रेलरवर चढवून ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर न्यायची, तिथं चार फेऱ्या मारायच्या आणि परत आणायची. “बरं झालं,” ती म्हणाली, “तोवर आपण हिच्यातून भाजी आणू.”

गाडी रनिंगमध्ये होती, म्हणजे नव्या रिंगा बसायच्या होत्या. हे काम हळूहळू चालवून होतं, असा समज आहे, तो खोटा. पेटत्या वायूचा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला सिलिंडरच्या भिंतीवर रेटतो, तेव्हा होनिंगच्या बारीक रेघांवर ती घासून बसते. त्यासाठी इंजिनावर भार हवा, वेग सतत कमीजास्त हवा. मी उस्तादांना मीटर दाखवलं. त्यांनी ऑइल काढून हातावर घेतलं, उन्हात धरून चमचमणारी धातूची पूड बोटानं पसरली, आणि विचारलं, “ये किलोमीटर रोड के हैं कि जाम के?” गोदौलियाच्या जामात काढलेले किलोमीटर रिंगांच्या खाती जमा होत नाहीत. “लोड दीजिए,” ते म्हणाले.

भार आमच्या घरात मुबलक आहे. रविवारी पहाटे विंध्याचलला देवीच्या दर्शनाला निघालो: पुढे फोरमनसाहेब, मागे आई, बायको आणि आत्या, डिकीत पाण्याचे कॅन आणि आत्याच्या नणंदेला द्यायची रामनगरची वांगी, एकेक तान्ह्या पोराएवढं. शहर सुटल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावायचा, मग पाय काढून गाडी आपोआप मंदावू द्यायची, पुन्हा जोर. आईला वाटलं मला चालवता येत नाही. आत्या दर झटक्याला ‘जय माता दी’ म्हणत होती. अष्टभुजेच्या चढावर फोरमनसाहेब खिडकीबाहेर कान काढून ऐकत होते. वर पोहोचल्यावर त्यांनी पहिल्यांदा मान डोलावली.

सोमवारी उस्तादांनी प्लग काढून गेज लावलं. चारही सिलिंडरांचा दाब जवळपास सारखा भरला, ऑइलही उतरलं नव्हतं. आणि त्याच आठवड्यात दिल्लीहून खोकं आलं. गल्लीत गाडी येत नाही, म्हणून हमालानं ते डोक्यावरून आणलं. टर्बो ओट्यावर ठेवला, सगळ्यांनी चक्राला बोट लावून फिरवून पाहिलं. आत्यानं चष्मा लावून तो निरखला.

“हे बसवलं,” ती म्हणाली, “की मागे आणखी एक माणूस मावेल ना?”