गॅरेजमधून ट्रक आणल्यावर काय करावे: नवशिक्या मालकांसाठी

अभिनंदन! क्लच प्लेट बदलून ट्रक बाहेर आला, मिस्तरीने हात पुसले, तुम्ही पैसे मोजले. आणि आता उजवा इंडिकेटर लावला की ब्रेक लाइटही लुकलुकतो. घाबरू नका. आजपासून तुम्ही खरे ट्रकमालक झालात.

ज्याची एकच गाडी आहे आणि तिचेही हप्ते चालू आहेत, अशा जळगाव-धुळे पट्ट्यातल्या मालकासाठी हे मार्गदर्शन आहे. दहा गाड्यांच्या शेठने वाचू नये. फोनवर ओरडायला त्याच्याकडे पगारी माणूस असतो.

सर्वांत आधी, ‘हे आधी नव्हतं’ असं मिस्तरीला सांगू नका. त्याचं उत्तर तयार असतं: ‘भाऊ, दोन दिन चाली पाहा, सेट व्हई जाई.’ पंचाईत अशी की काही वेळा तो खरं बोलत असतो. नवे ब्रेक लायनर ड्रमला घासून नीट बसायला थोडी धाव लागतेच. पाट्याचं काम केल्यावर पहिल्या लोडला पाने दबतात आणि यू-बोल्ट सैल पडतात. ते पुन्हा आवळायचेच असतात, त्यात कोणाचा दोष नाही. पण लुकलुकणारा लाइट सेट होत नसतो. ऑइलची गळती तर आजवर कोणाचीच सेट झालेली नाही.

यानंतर तुम्हाला प्रदक्षिणा घालावी लागेल. मिस्तरी म्हणेल, वायरमनला दाखवा. वायरमन म्हणेल, करंट ठीक आहे, पंपवाल्याकडे न्या. पंपवाला नोझल काढून बघेल आणि डोळे बारीक करून विचारेल, ‘शेठ, डिझेल कुठून भरलं?’ म्हणजे गुन्हेगार सापडला: तुम्ही. कंटाळून दुसरं गॅरेज गाठलंत तर तिथला मिस्तरी केबिन उलटताच कपाळाला हात लावेल, ‘हे कोणी करून ठेवलं?’ मिस्तरीविद्येतला हा पहिलाच धडा असावा. त्याच्या पुढ्यात पहिल्या गॅरेजचं नाव घेऊ नका. आणि सहसा त्याला पान्याला हातही लावू देऊ नका, कारण एकदा दोघांचा हात लागला की पहिला मिस्तरी कायमचा सुटला.

त्यापेक्षा एकच प्रश्न विचारा: काम करताना काय काय उघडलं होतं? नवा बिघाड बहुधा जुन्या कामाच्या शेजारीच राहतो. क्लच बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा. त्या खटाटोपात प्रॉपेलर शाफ्ट सुटतो, रिव्हर्स लाइटची वायर निघते, आजूबाजूचं वायरिंग ओढलं जातं. एखादी अर्थिंग सैल राहिली की करंट भलत्या दिव्यातून वाट काढतो. तुमच्या लुकलुकीचं मूळ बहुतेक तिथेच. डिझेल फिल्टर बदलल्यावर गाडी चढावर बंद पडली तर लाइनने हवा घेतली आहे. हातपंप मारून ती काढायची, इंजिन खोलायला द्यायचं नाही. बॉडीला वेल्डिंग केल्यावर चेक लॅम्प पेटला तर विचारा, बॅटरीचे टर्मिनल काढले होते का? २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत जागोजागी सेन्सर आणि कंट्रोल युनिट आहेत, आणि वेल्डिंगचा करंट त्यांची गय करत नाही. पोऱ्या एखादा कनेक्टर लावायला विसरला तरी स्कॅनरवर असा काही कोड येतो, की ऐकूनच हजारो रुपयांचा घाम फुटावा. आधी कनेक्टर दाबून बघा.

ट्रायल मारायला देवाने जळगाव-धुळे रस्ता दिलाच आहे, सुमारे नव्वद किलोमीटर. एरंडोलला थांबा आणि चारही बाजूंच्या ड्रमजवळ हात न्या, लावू नका. एकच ड्रम इतरांपेक्षा फार तापला असेल तर तिथला ब्रेक जास्त आवळला आहे. पारोळ्याला चहा घेताना चाकांचे नट पाना लावून बघा. चाक काढून बसवलं असेल तर एवढ्या धावेनंतर ते पुन्हा आवळायचे असतात. हे काम क्लिनरवर सोडलं तर तो नटांना लाथ मारून ‘टाइट आहे’ म्हणेल.

ब्रेकच्या बाबतीत मात्र थट्टा नको. शिरपूरच्या पुढे बिजासन घाटाचा उतार आहे, आणि जुलै २०२३ मध्ये पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडकून थेट हॉटेलात घुसला, माणसं गेली. ब्रेकचं काम करून आणलेली गाडी भरून घाटात नेण्याआधी सपाटीवर तपासा. हवेचा काटा सावकाश चढत असेल, किंवा इंजिन बंद केल्यावर भराभर उतरत असेल, तर गाडी तिथूनच मागे फिरवा. भाडं बुडालं तर बुडू द्या.

पहिली खेप केळीची धरू नका. रावेर-सावद्याहून दिल्लीला निघालेली केळी मे महिन्याच्या उन्हात तुमच्या क्लचसाठी थांबत नाहीत. व्यापारी फोनवर फोन करतो आणि घाईघाईत वाटेतला मिळेल तो मिस्तरी गाठावा लागतो. मका भरा. मका समजूतदार असतो.

आता पैसे. काढलेला जुना पार्ट पोत्यात घालून घरी आणा. तो बदलला याचा तेवढाच पुरावा. ‘पैसे देत नाही, गाडी द्या’ असं ओरडू नका, कारण ठरल्याप्रमाणे केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवण्याचा हक्क १८७२च्या करार कायद्याच्या कलम १७० ने मिस्तरीला दिला आहे. त्यापेक्षा गाडी चालवून बघा, मग हिशेब करा. भांडण पेटलंच तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. धंद्याची गाडी ‘ग्राहका’त बसत नाही असं कोणी सांगेल, पण २०१९च्या कायद्यात पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेल्या धंद्याला सूट आहे, म्हणून एका गाडीच्या मालकाने मागे हटू नये. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे.

मात्र तिथे पक्कं बिल लागतं. जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर काम केलंत तर आयोगापुढे काय दाखवणार? तेव्हा बिल आणि त्यावर गॅरंटीचे दिवस, दोन्ही पैसे देण्याआधी मागा. नंतर मागायला जाल तेव्हा मिस्तरी जेवायला गेलेला असेल.