खाली डोकं, वर पृथ्वी

कोकणात बुरोंडीच्या टेकडीवर परशुराम उभा आहे. मूर्ती सुमारे २१ फुटांची, आणि तिच्या पायाखाली सुमारे ४० फूट व्यासाची अर्धी पृथ्वी. समुद्राला मागे रेटून कोकण वसवणाऱ्याला एवढं जोतं हवंच. पर्यटक गाडीतून उतरतात, केस सारखे करतात, फोन काढतात, ‘जरा डावीकडे सरक गं’ होतं आणि फोटो निघतो. त्या क्षणी फोनच्या पोटात परशुराम खाली डोकं वर पाय झालेला असतो, हे कुणाच्या गावीही नसतं. पायांच्याही वर पृथ्वी, आणि तीसुद्धा उपडी न राहता उताणी, आमटीच्या वाडग्यासारखी. फोनचं भिंग चित्र उलटं पाडतं आणि भिंगामागचा सेन्सर ते उलटं चित्रच टिपतो. फोन ते गुपचूप सुलट करून आपल्याला दाखवतो आणि आपण म्हणतो, छान आलाय.

फोन नको, नुसत्या डोळ्यांनी दर्शन घेऊ म्हणाल, तर तिथेही तीच गत. ५० मीटरवरून पाहिलं, तर डोळ्याच्या मागच्या पडद्यावर तो २१ फुटी परशुराम जेमतेम २ मिलिमीटरचा उमटतो, आणि तोही उलटाच. शाळेच्या पुस्तकात उलट्या प्रतिमेची उंची उणे धरतात. म्हणजे हिशेबाने उणे २ मिलिमीटर. कोपिष्ट ऋषींच्या बाबतीत असले हिशेब मोठ्याने करू नयेत.

हे असं का होतं, ते समजायला चमचा पुरतो. खानावळीत सुरमईचं ताट यायला वेळ असतोच. स्टीलचा मोठा चमचा नाकासमोर धरा. खोलगट बाजूत तुमचं मुंडकं उलटं टांगलेलं दिसेल. उजवा हात वर करा. चमच्यातला हात खाली डावीकडे हलेल. म्हणजे नुसतं वरचं खाली होत नाही, अख्खं चित्रच अर्धी गिरकी घेतं. आता चमचा फिरवून पाठ समोर धरा. चेहरा सुलट, नाक तेवढं भोपळी मिरचीएवढं, पण तो प्रश्न वेगळा. पुन्हा खोलगट बाजू घ्या आणि बोटाचं टोक तिला जवळजवळ टेकवा. बोट सुलट आणि जाडजूड दिसेल. ते हळूहळू मागे घ्या. ते फुगत जाईल, मग चमचाभर नुसता मांसल रंग पसरेल, काही कळेनासं होईल, आणि त्या गोंधळातून बोट बाहेर पडेल ते उलटं होऊनच. जिथे गोंधळ झाला, ती चमच्याची नाभी.

आता कारण. कपाळावरून निघालेले किरण फाकत फाकत चमच्यावर ठिकठिकाणी पडतात. सपाट आरशाने त्यांना तसंच फाकतं ठेवून परत पाठवलं असतं. खोलगट चमचा त्यांना आत वळवतो, आणि ते समोरच्या हवेत एका बिंदूत पुन्हा गोळा होतात. कपाळाचे किरण वरून तिरपे खाली आलेले. परततानाही त्यांचा कल खालीच, म्हणून त्यांचा मेळ बसतो तो मधल्या रेषेच्या खाली. हनुवटीच्या किरणांचा वर बसतो. झालं उलटं तोंड. बोट नाभीच्या आत असतं तेव्हा चमच्याला किरण पुरते वळवताच येत नाहीत. ते फाकलेलेच राहतात आणि बोट सुलट दिसतं. चमच्याची पाठ तर त्यांना आणखीच फाकवते, म्हणून तिथे कधीच काही उलटत नाही. घाटातल्या वळणांवर फुगीर आरसे लावतात ते बरंच आहे. समोरून येणारी एस्टी त्यात लहान दिसते, पण चाकांवर असते.

मला यातली गंमत वाटते ती वेगळीच. जिथे किरण खरोखर भेटतात, ती प्रतिमा कागदावर धरता येते. तिला वास्तव म्हणतात, आणि ती उलटी. सुलट, सभ्य, रोज भांग पाडायच्या आरशातली प्रतिमा मात्र आभासी. आरशामागे कागद धरून बघा, काही मिळायचं नाही.

वास्तव प्रतिमा धरून बघायची असेल, तर आजोबांचा वाचायचा चष्मा घ्या. त्याचं भिंगही खोलगट चमच्यासारखंच किरण गोळा करतं, फक्त आपल्या मागच्या बाजूला. अधिक २ नंबरचा असला, तर त्याचं नाभीय अंतर अर्धा मीटर. दुपारी माजघरात अंधार करून एकच खिडकी उघडी ठेवायची, आणि चष्म्यामागे अर्ध्या मीटरवर पांढरा कागद धरायचा. चष्मा थोडा पुढेमागे केला की कागदावर बाहेरचं आगर उतरतं. ५० मीटरवरचा १२ मीटर उंच माड १२ सेंटिमीटरचा होतो, शेंडा खाली करून. वारा असेल तर झावळ्या हलतातही. बाहेरून आजोबांचा आवाज येईपर्यंत हे चालतं.

डोळ्यातलं चित्र उलटं असतं, हे योहानेस केप्लरने १६०४ साली मांडलं. मग दिसतं सुलट कसं, हा प्रश्न त्याने इतरांवर सोपवला. शहाणा माणूस. १८९०च्या दशकात जॉर्ज स्ट्रॅटन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक डोळा झाकून दुसऱ्यावर जग उलटं करणारी भिंगं चढवली. म्हणजे त्याच्या डोळ्यातलं चित्र जन्मात प्रथमच सुलट झालं, आणि गृहस्थाला साधं दूध ओतून घेणं जमेना! काही दिवसांत हात सरावले. मेंदूला वर-खालीशी देणंघेणं नसावं. हात नेला की तांब्या लागतो ना, एवढ्यावर त्याचं भागतं.

आकाश बघणारेही असेच निवांत. १६११ साली केप्लरने दोन बहिर्गोल भिंगांची दुर्बीण सुचवली. तिच्यात सगळं उलटं दिसतं. चंद्राचं त्याने काय बिघडतं? पण बुरोंडीसारख्या मासेमारीच्या गावात हे चालायचं नाही. घरचा माणूस दर्यावर गेलेला, आणि दुर्बिणीला डोळा लावावा तर बंदराकडे येणारी एकूण एक होडी पालथी! गॅलिलिओची दुर्बीण सुलट दाखवायची, पण तिच्यात दिसायचं ते चिमूटभर. १८५४ साली इग्नाझिओ पोरो या इटालियनाने लोलकांची जोडी बसवून तोड काढली. प्रकाश त्यांच्यात चार वेळा परावर्तित होतो आणि भिंगांनी उलटलेली होडी पुन्हा सरळ तरंगू लागते. त्या लोलकांपायी दुर्बीण जड होते आणि तासाभरात मान अवघडते, पण किनाऱ्यावरची माणसं त्याबद्दल तक्रार करत नाहीत.